नाल्याच्या तोंडी खाडीचा तांडेल

"बसा! बसा मनलं ना, ओ कोकणभाऊ! उभे काऊन राह्यले? डोंगा हाये हा, यष्टी नोहे!"

लहानूभाऊ ओरडत होते ते माझ्यावर. माझ्या पुढ्यात बसलेल्या कांताबाई ओरडत होत्या त्याही माझ्यावर. नाल्याचं पाणी बहुधा सगळ्यांवरच ओरडत होतं, पण दोघा उतारूंत मी एकटाच उभा असल्यामुळे त्यातला मोठा वाटा माझ्याच कानांवर येत होता.

मी उभा राहिलो होतो, कारण समोर लाट होती. लाट दिसली की तांडेलानं उभं राहून तिच्याकडे नीट बघायचं, ही आमच्याकडची रीत. तीस वर्षं मी रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या तोंडाशी होडी चालवली आहे. तेव्हा एका झाडाचं खोड कोरून केलेल्या त्या लांबट परातीत बसून, वैनगंगेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या तोंडाशी, लाटेचं काय करायचं हे मला कुणी शिकवावं, हे मला मान्य नव्हतं.

आमच्या खाडीचं तोंड म्हणजे काय चीज आहे, ते आधी ऐका. तिथं पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. तो दर पावसाळ्यात घर बदलतो आणि नवा पत्ता कुणाला देत नाही. ओहोटीचं पाणी बाहेर निघायला बघतं, दर्याची लाट आत घुसायला बघते, आणि दोघांची गाठ नेमकी त्या दांड्यावर पडते. तिथं लाट मोडते. एकदा अशाच एका लाटेच्या पाठीवर आमची होडी इतकी उंच गेली, की माझ्या खलाशानं जाता जाता किनाऱ्यावरच्या माडाची दोन शहाळी उतरवली. तिसरं कोवळं होतं म्हणून ठेवलं. खोटं वाटत असेल तर त्या खलाशाला विचारा. तो हल्ली मस्कतला असतो.

पार होण्याचे नियम मात्र सोपे आहेत. तोंडाशी थांबायचं. लाटा मोजायच्या. मोठ्या लाटा येऊन गेल्या की मधे उसंत मिळते, तेवढ्यात होडीचं नाक सरळ लाटेला देऊन घुसायचं. आडवं व्हायचं नाही. माझ्या ओळखीचे दोघे आडवे झाले होते. त्यांतल्या एकाचं वल्हं सापडलं.

एवढं ज्ञान घेऊन मी चंद्रपूर जिल्ह्यात उतरलो होतो. ज्ञान उतू जात होतं, तो दोष माझा.

सावली

माझी लेक चंद्रपूरला नोकरी करते. सावली तालुक्यातला मुलगा आणि ती एका कॉलेजात होती, पुढचं दोन्ही घरांना पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा कळलं. लेकीकडे आठ दिवस राहिलो. सकाळी पांढरा सदरा घालून परकोटाच्या वेशीपर्यंत चक्कर मारायची आणि राखाडी सदरा घालून परत यायचं. कोळशाच्या गावात एवढी रंगाई फुकट मिळते. नवव्या दिवशी जावयाच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा फोन आला, "एवढ्या दूरून आले अना आमच्या घरी पाय नाई लावत? या ना जी." मी एसटी पकडून सावलीला आलो.

विहीण कांताबाई स्टँडवरच उभ्या होत्या. पंचावन्नच्या आसपास, पायात रबरी चपला, काखेत फायली. व्याही जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून चार एकर धानाची शेती त्या एकट्या करतात. या मुलखात व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीनं इवायाची थट्टा करायची ही रीतच आहे. आमच्याकडे विहीण व्याह्यासमोर 'बसा' आणि 'चहा घ्या' यापलीकडे जात नाही. कांताबाईंनी जयभीम घालून पाच मिनिटांच्या आत माझं पोट, माझी टोपी आणि माझी पिशवी, तिघांचीही चौकशी केली.

"अना हे केशरी गोधडी कायची जी?"

"जॅकेट आहे. घातलं की माणूस बुडत नाही. मी ते घेतल्याशिवाय पाण्याजवळ जात नाही."

"बाप्पा! इथी तं नाला हाये. तुमी समुद्र संगं आणला का?"

फायलींचं कारण असं. त्यांच्या गावची सरपंचपदाची जागा यंदा बाईसाठी राखीव निघाली होती. गेल्या तीन खेपा सरपंच एकाच घरातून होत आला होता. यंदा त्या घरानं सुनेचा अर्ज भरला होता आणि गावात दुसरा अर्ज कुणाचा नव्हता. कांताबाईंचा अर्ज परवा दुपारी तीनच्या आत तहसील कचेरीत पडला नाही, तर सून बिनविरोध. गुलालाची पोती येऊन पडली होती म्हणे.

अर्ज संगणकावर भरायचा असतो. त्या दिवशी सर्व्हरला बरं नव्हतं. सकाळी अकराला तो 'येतो' म्हणाला आणि चारला आला. तोवर आम्ही संगणकवाल्याच्या दुकानातल्या बाकावर बसून तीन वेळा चहा घेतला आणि दुकानदाराच्या मुलीचं शिक्षण, लग्न आणि सासर इथपर्यंत पोचलो. शेवटी छापील अर्ज हातात आला. आता फक्त एक कागद बाकी होता, घरी शौचालय आहे आणि घरचे ते वापरतात, असा दाखला. तो ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी गावात येऊन देणार होता.

"तुम्हाला सरपंच कशाला व्हायचंय?" मी परतीच्या ऑटोत विचारलं. खरं तर गंमत म्हणून.

ऑटो तेव्हा नाल्यावरच्या रपट्यावरून जात होता. रपटा म्हणजे पाण्यालगतचा बुटका सिमेंटचा पट्टा. पाणी थोडं वाढलं की तो खाली आणि गाव पलीकडे. "इथी पूल पायजे," त्या म्हणाल्या. "भूमिपूजन तीनदा झालं. तीनयी वेळा नारळ फुटला." नारळाच्या मुलखातला असल्यामुळे मला त्या तीन नारळांबद्दल वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालो. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पोराच्या बाबाले साप डसला तवा नाला असाच भरला होता. दवाखाना त्या बाजूनं होता."

मी त्यांच्या काखेतल्या फायली घेतल्या आणि गाव येईपर्यंत मांडीवर धरल्या. 

गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही, विहीणबाईंची तशी ताकीद आहे. जेवणाचं मात्र लिहितो. पहिल्या दिवशी मरळ मासा, तोही तलावातला. मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो, कारण खारं पाणी न चाखलेल्या माशाला आम्ही मासा म्हणत नाही. वर रश्श्यात नारळाचा पत्ता नाही. तिसरा तुकडा संपवल्यावर मी म्हणालो, "ठीक आहे." सातव्या तुकड्यानंतरही तेच म्हणालो. भात मात्र दोन्हीकडे सारखाच, ताटात डोंगर. फरक एवढाच की आम्ही डोंगराच्या पायथ्यापासून खातो आणि ही माणसं शिखरावर लाखोळीचं वरण ओतून वरून खाली येतात.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले. त्यांनी शौचालयाचं दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, बादली हलवून पाहिली. घरात पाहुणा आहे म्हटल्यावर ते अंगणात थोडे रेंगाळले. पाहुण्यानं वापर प्रत्यक्ष करून दाखवावा असं ते काही म्हणाले नाहीत, पण सही करायला त्यांना वीस मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आलो तर रस्त्यावरची माणसं सगळी एकाच दिशेला चाललेली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. वैनगंगा फुगली होती आणि जागा पुरेना म्हणून नाल्यात शिरली होती. रपट्यावर पुरुषभर पाणी. काठावर सगळं गाव उभं राहून पाणी बघत होतं, त्यात सुनेच्या घरची माणसंही होती. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती, म्हणजे हसू दाबताना जी दिसते ती.

गावात डोंगा एकच. तो लहानू ढिवरांचा. साठीचा, बांबूसारखाच सडपातळ माणूस, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. वर्षभर तलावात मासे धरायचे आणि पूर आला की माणसं इकडून तिकडे न्यायची, हा त्यांचा धंदा.

"पाणी उतरते का, लहानूभाऊ?" कांताबाईंनी विचारलं.

"उतरते ना."

"कधी?"

"परवा."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, थुंकले, म्हणाले, "नाल्यातून नाई जमत. आत बाभळी बुडल्या हायेत, दिसत नाईत. डोंगा फाटते. तोंडाकडून घ्या लागते, जिथी गंगा लागते तिथून. एकच माणूस नेईन."

हे 'तोंड' ऐकलं आणि माझ्या अंगात तीस वर्षं एकदम उभी राहिली. मी पुढे होऊन सांगितलं, की तोंड म्हणजे माझा विषय. लाटा कशा मोजायच्या, उसंत कशी पकडायची, नाक कसं द्यायचं, दांडा कसा ओळखायचा, सगळं सांगितलं. शहाळ्यांचंही सांगितलं. गाव ऐकत होतं. सुनेकडची माणसंसुद्धा जवळ सरकली. मी म्हणालो, अशा पाण्यात विहीणबाईंना एकटं सोडणं माझ्यानं होणार नाही.

लहानूभाऊंनी खर्रा एका गालातून दुसऱ्यात नेला. "तुमी किती किलोचे, भाऊ?"

"पंच्याऐंशी."

"मंजे एक कांताबाई, अना वरतून धानाचं अर्धं पोतं." त्यांनी मला आणखी एकदा मापून घेतलं. "बसा. पण बसाचं मंजे बसाचं."

कांताबाईंनी अर्ज आणि सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवले होते आणि झाकण दाबून बसवलं होतं. त्या पुढे बसल्या, डबा मांडीवर. मी मधे, केशरी जॅकेट घालून. लहानूभाऊ मागे, बांबू घेऊन. माझ्या हातात त्यांनी तेलाचा कापलेला डबा दिला.

"हे काय?"

"पाणी येईन. फेकाचं."

तीस वर्षांच्या तांडेलाला पाणी उपसायला बसवणं! आमच्या खाडीत हे काम ज्याला ओकारी येते त्याला देतात. तरी विहीणबाईंकडे बघून मी अपमान गिळला.

नाल्याचं तोंड

खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं लहानूभाऊंनी जे केलं ते मी बघत राहिलो. ते सरळ पलीकडे निघालेच नाहीत. वैनगंगेच्या काठाकाठानं, जिथं पाणी सुस्त होतं तिथून, वरच वर गेले. मग एका पळसाच्या शेंड्याशी त्यांनी डोंग्याचं तोंड थोडं तिरपं केलं आणि पाण्याला म्हणाले, ने. डोंगा आपसूक पलीकडच्या बाजूला सरकू लागला. बांबू ते नुसता टेकवत होते, पाठ खाजवल्यासारखा.

आणि मग तोंड आलं. नाल्याचं तांबडं पाणी बाहेर ढकलत होतं, वैनगंगेचं करडं पाणी आडवं धावत होतं, आणि दोन्ही मिळत होती तिथं पाण्याच्या टेकड्या उभ्या होत्या. त्यांच्या मागे गावातल्या विहिरीएवढा भोवरा. विहिरीएवढा म्हणतो, मनात आहे तो आकडा लिहिला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

मला लाट दिसली. आणि डोंगा तिला चक्क आडवा निघाला होता!

मी उभा राहिलो. "नाक द्या! नाक द्या तिला!"

तेव्हाच ती यष्टीची गोष्ट निघाली. पण ऐकतो कोण? हातात वल्हं नव्हतं, तेलाचा डबा होता. तोच पाण्यात खुपसला आणि सगळा जोर लावून डोंग्याचं नाक फिरवलं.

आता एक फरक लक्षात घ्या, जो मला तेव्हा कुणी सांगितला नव्हता. म्हणजे सांगितला असेल, मी बोलत असेन. दर्याची लाट येते आणि जाते. तिला नाक दिलं की ती खालून निघून जाते. नाल्याच्या तोंडची लाट येत नाही आणि जातही नाही. ती तिथंच उभी असते, पाणी तिच्यातून पळतं. तिला नाक दिलं की डोंगा तिच्यावर चढतो आणि बसून राहतो. उसंत येईल म्हणून मी मोजत होतो. एक, दोन, तीन. लाट तीच. चौथीही तीच.

पाच म्हणताच डोंग्याचं शेपूट भोवऱ्यानं धरलं. आम्ही फिरलो. मला गाव दिसलं, मग नदी, मग पलीकडचा काठ, मग पुन्हा गाव आणि काठावर हात उंचावलेली सुनेकडची मंडळी. किती वेळा फिरलो ते मोजलं नाही, पण त्या मंडळींना मी चेहऱ्यानं ओळखू लागलो होतो. तेलाचा डबा हातातून कधीच निसटला होता आणि आमच्याबरोबर, आमच्यापेक्षा ऐटीत, भोवऱ्यात फिरत होता. डोंग्यात पोटरीपर्यंत पाणी आलं.

"फेका पाणी!" लहानूभाऊ ओरडले.

"कशानं?"

कांताबाईंनी एकदा माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या स्टीलच्या डब्याकडे. मग झाकण उघडलं. कागदांची पिशवी काढली, माझ्या जॅकेटचा पट्टा ओढून सैल केला, पिशवी माझ्या छातीशी कोंबली आणि पट्टा असा आवळला, की बरगड्यांना अजून आठवण आहे.

"मले पोहता येते," त्या डब्यानं पाणी उपसत म्हणाल्या. "लहानूभाऊले येते. कागदाले येत नाई. आता तुमी बुडाचं नाई, इवाई. डोंगा उलटला तं सीधे सावलीले लागा."

"मला..." मी म्हणालो.

"का?"

"मला पोहता येत नाही."

त्यांचा डबा क्षणभर हवेत थांबला. "तीस वर्सं का करून राह्यले होते मंग?"

"होडीत बसलो होतो! पोहता येत असतं तर होडी कशाला घेतली असती?"

विहीणबाई हसल्या. पाणी उपसता उपसता, भोवऱ्यात फिरता फिरता, त्या बाई हसल्या. माझं हसू मात्र जॅकेटच्या आतच अडकलं. छातीशी त्यांचा अर्ज होता, त्याच्यामागे बारा वर्षं होती, आणि हे सगळं तीस वर्षांत पोहायला न शिकलेल्या माणसावर बांधलं होतं. मी पहिल्यांदा खाली बसलो. बसलो म्हणजे बसलोच, तळाला चिकटलो.

लहानूभाऊंनी बांबू आत ओढून घेतला आणि तेही बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता ते नेईन तिकडं जाऊ."

आमच्याकडे हे कुणी बोललं असतं तर त्याला मी होडीतून उतरवला असता. पण भोवऱ्यानं आम्हाला अजून एकदा फिरवलं आणि झटकून टाकलं. गंगेनं उचललं. काठ मागे पळू लागला. लहानूभाऊ नुसते बघत होते. बरंच खाली गेल्यावर एका बुडालेल्या धानाच्या बांधीपाशी, म्हणजे आमच्याकडच्या खाचरापाशी, पाणी वळण घेतं, तिथं ते अचानक उठले, बांबू एकदा रोवला, एकदाच, आणि डोंगा धानाच्या लोंब्यांवरून सरसरत जाऊन बांधावर टेकला. त्या एका टेकवण्याची मी आमच्या गावात गेला महिनाभर नक्कल करून दाखवतो आहे. जमत नाही.

"कोण्याचा धान हाये?" कांताबाईंनी विचारलं.

"माया साळ्याचा," लहानूभाऊ म्हणाले. "त्याले सांगू नका."

तहसील कचेरी

पुढे गुडघाभर चिखल, मग शेतांमधली पांदण, मग युरियाची पोती नेणारा ट्रॅक्टर. मी पोत्यांवर केशरी जॅकेटमध्ये बसलो होतो, रस्त्यावरची माणसं बघत होती. जॅकेट काढू का विचारलं तर कांताबाई म्हणाल्या, "कचेरीत काढा. मायावाला अर्ज हाये आत."

तीनला बारा मिनिटं कमी असताना आम्ही दारात शिरलो. टेबलापलीकडे चष्मेवाले बाबू बसले होते. विहीणबाईंनी सर्वांदेखत माझा पट्टा सोडला आणि पिशवी बाहेर काढली. कागद कोपऱ्यांवर ओलसर, बाकी धड. सही, शिक्का, पोच. अर्ज दाखल झाला. कांताबाई भिंतीशी टेकल्या आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

बाबूंनी कागद चिमटीत धरून विचारलं, "हे वल्ले काऊन झाले?"

बस. मला कुणीतरी विचारायलाच हवं होतं. मी सगळं सांगितलं. धरण, टेकड्या, भोवरा. भोवरा इथं येईपर्यंत तहसील कचेरीएवढा झाला होता, आवाराच्या भिंतीसकट. अर्ज छातीशी धरून मी पाण्याशी कसा झुंजलो, तेही सांगितलं. कांताबाईंनी मधे तोंड घातलं नाही, एवढे उपकार केले. रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकत होती. बाबू मान डोलवत कागद उलटत होते.

"हे दाखले तं झेरॉक्स हायेत," ते म्हणाले. "मूळ कुठी हायेत?"

झेरॉक्स! मी कांताबाईंकडे पाहिलं.

"घरी," त्या म्हणाल्या. "पुरात मूळ कागद कोण आणते?"

बाबूंनी शिक्का शाईच्या डबीवर ठेवला.

"उद्या अकराले छाननी हाये. मूळ घेऊन या."